खुर्ची उबवायची फी

मंडळी, ह्या वीकेंडला जरा भांडायचा मूड आहे. कोड, फ्रेमवर्क, नवीन फोन वगैरे पुढच्या शनिवारी. आजचा विषय डिग्री, आणि तिची किंमत.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. जे मला आधीच येतं ते परत शिकवण्याचे पैसे कॉलेजने माझ्याकडून घेऊ नयेत. परीक्षा घ्यावी, पास झालो तर क्रेडिट द्यावं, नापास झालो तर खुशाल वर्गात बसवावं. बस्स, एवढंच.

ह्यात क्रांतिकारक काही नाही. मी सध्या जिथे राहतो त्या अमेरिकेत ही सोय १९६७ सालापासून आहे. पण न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींत, गणपतीच्या जेवणावळीत किंवा कोणाच्या घरच्या पॉटलकला हा विषय काढला, की समोरचे लोक असं तोंड करतात की जणू मी नकली मार्कशीट कुठे छापून मिळते त्याचा पत्ता सांगतोय. "परीक्षा देऊन डिग्री? म्हणजे शॉर्टकटच की!" "तसल्या डिग्रीला कोण विचारतं?" आणि सगळ्यात भारी वाक्य, "शिक्षण म्हणजे नुसती परीक्षा नव्हे हो."

हे तिसरं वाक्य बोलणाऱ्या माणसाने स्वतः इंजिनियरिंग कसं केलं ते मला पक्कं ठाऊक असतं, कारण मीही तसंच केलंय. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या फाइलवरून जर्नल उतरवून काढायचं. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं की एचओडींच्या केबिनबाहेर अर्ज घेऊन उभं राहायचं. आणि परीक्षेआधीच्या दहा-बारा दिवसांत, पीएलमध्ये, अख्खी सेमिस्टर एका लोकल लेखकाच्या पुस्तकातून उरकायची. जे काही डोक्यात गेलं ते त्या दहा दिवसांत आणि नंतर नोकरीत गेलं. वर्गात बसलो तो ७५ टक्के हजेरीसाठी. म्हणजे आपण सगळे नुसत्या परीक्षेवरच डिग्री मिळवलेली माणसं आहोत. फरक इतकाच, की आपण परीक्षेची फी भरली आणि वर चार वर्षं खुर्ची उबवायची फीसुद्धा भरली. मग दुसरा कोणी ती दुसरी फी वाचवतोय तर आपल्या पोटात का दुखावं?

आता ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती.

अमेरिकेत बॅचलर्स डिग्री म्हणजे साधारण १२० क्रेडिटं. एक नेहमीचा कोर्स तीन क्रेडिटांचा, म्हणजे चाळीसेक कोर्स झाले की डिग्री. आता हे 'क्रेडिट' मोजतात कशात? ज्ञानात नाही, तासांत. आठवड्याला वर्गात किती तास, असे किती आठवडे. ही तासांची मोजपट्टी रूढ झाली १९०६ च्या सुमारास. अँड्र्यू कार्नेगीने प्राध्यापकांना पेन्शन मिळावं म्हणून एक कोटी डॉलर दिले, आणि त्या पेन्शनच्या यादीत कुठलं कॉलेज घ्यायचं हे ठरवताना त्याच्या फाउंडेशनने अट घातली की प्रवेशासाठी शाळेतला अभ्यास ठराविक तासांच्या मापाने मोजा. पेन्शन हवं म्हणून कॉलेजांनी माप मानलं, आणि तासांत मोजायची सवय शाळांपासून कॉलेजांपर्यंत मुरली. मुलाला काय येतं ते मोजायला हे माप कोणी बनवलंच नव्हतं! आपल्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर टाइमशीट. काम झालं की नाही ते नंतर बघू, तास भरले ना?

१९६७ साली कॉलेज बोर्डाने क्लेप नावाच्या परीक्षा सुरू केल्या. आज ३४ विषय आहेत. कॉलेज अल्जिब्रा, कॅल्क्युलस, सोशिऑलॉजी, अमेरिकेचा इतिहास, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, फायनान्शियल अकाउंटिंग, स्पॅनिश वगैरे. बहुतेक पेपर दीड तासाचे, कॉम्प्युटरवर. गुण २० ते ८० मध्ये. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस अशी, की ५० किंवा जास्त आले तर कॉलेजने क्रेडिट द्यावं. एका पेपरची फी शंभर डॉलरच्या जराशी आत आणि सेंटरचा आकार वेगळा. हल्ली घरून, कॅमेऱ्यासमोर बसूनही देता येते. नापास झालात तर तीन महिन्यांनी पुन्हा. कुठल्याही वयाच्या माणसाने द्यावी, आधी कुठे शिकलात असं कोणी विचारत नाही. ह्याशिवाय डीएसएसटी नावाच्या अशाच परीक्षा आहेत, त्या मूळच्या सैनिकांसाठी होत्या, आता सगळ्यांना खुल्या आहेत. आणि हायस्कूलच्या पोरांच्या एपी परीक्षा तर आपल्या लोकांना माहीतच आहेत, त्याबद्दल पुढे बोलू.

आता पैशांचं गणित. रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठात न्यू जर्सीच्या रहिवाशालासुद्धा ट्यूशन आणि फी मिळून वर्षाला सतरा-अठरा हजार डॉलर पडतात. राहणं-जेवण वेगळं. वर्षाची ३० क्रेडिटं धरा. तीच तीस क्रेडिटं काउंटी कॉलेजात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजात, साधारण पाच-सहा हजारांत होतात. आणि परीक्षा देऊन? दहा पेपर, हजार-बाराशे डॉलर. त्यातही मॉडर्न स्टेट्स नावाची एक ना-नफा संस्था आहे, तिचा फुकटचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला की ती क्लेपच्या फीचं व्हाउचर देते. म्हणजे जवळपास शून्य. एकाच तीस क्रेडिटांचे तीन भाव! भाजी मंडईत असा फरक असता तर आपल्या आया-मावशांनी मंडई डोक्यावर घेतली असती. इथे मात्र आपण महागातली जुडी उचलतो आणि वर "ब्रँड आहे" म्हणून सांगतो.

ह्या परीक्षांची सगळ्यात जास्त गरज कोणाला आहे? माझ्या मते आपल्याच घरातल्या बायकांना. एच-वन नवऱ्याबरोबर एच-फोरवर आलेल्या, पुण्या-मुंबईहून बीकॉम, बीएस्सी, बीए केलेल्या. आपली ही डिग्री तीन वर्षांची. इथे चार वर्षांच्या हिशोबात ती अनेक ठिकाणी 'तीन वर्षांचं कॉलेज शिक्षण' म्हणून मोजली जाते, म्हणजे अंदाजे ९० क्रेडिटं. काही इव्हॅल्युएशन संस्था ती पूर्ण बॅचलर्स धरतात, काही धरत नाहीत, आणि समोरचं कॉलेज किंवा लायसन्स बोर्ड कोणाचं ऐकेल ते त्याच्या मर्जीवर. थोडक्यात, फर्स्ट क्लास पदवीधर बाई इथे येऊन 'काही काळ कॉलेजात गेलेली' होते. हा अपमान मी जवळून बघितलाय.

माझी एक वहिनी, आतेभावाची बायको, पुण्याची बीकॉम. लग्नाआधी तिथे दोन वर्षं एका सीएच्या ऑफिसात काम केलेली. इथे आल्यावर काही वर्षं व्हिसाच्या कृपेने घरीच. २०१५ पासून काही एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळते, त्यासाठी साधारणपणे नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा एक टप्पा मंजूर व्हावा लागतो. तो झाला, कार्ड आलं, आणि मग कळलं की अकाउंटिंगच्या जागेसाठी सगळे चार वर्षांची डिग्री मागतात. एका खाजगी कॉलेजात चौकशी केली. तिथल्या सल्लागार बाईंनी तिचं मार्कशीट धड उघडूनही न बघता सांगितलं की तुम्ही पहिल्या वर्षापासून सुरुवात करा, ते 'सोपं' पडेल. चार वर्षांचा आकडा सव्वा लाख डॉलरच्या आसपास. फेडरल मदत एच-फोरला मिळत नाही, तेव्हा सगळं खिशातून. घरी दोन मुलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला डेबिट-क्रेडिट परत शिकायला सव्वा लाख?"

मग आम्ही दोघांनी डायनिंग टेबलवर एक्सेल उघडलं. तिच्या बीकॉमचं विषयवार इव्हॅल्युएशन करून घेतलं, ९० क्रेडिटं निघाली. बाकी ३०. आता इथे एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. फायनान्शियल अकाउंटिंग किंवा इकॉनॉमिक्सचा क्लेप पेपर तिने डोळे झाकून काढला असता, पण ते विषय बीकॉममध्ये आधीच मोजले गेलेत. एकाच विषयाचं क्रेडिट दोनदा मिळत नाही. कमी होते ते इंग्रजी लेखन, विज्ञान, समाजशास्त्र, इतिहास असे 'जनरल एज्युकेशन'चे विषय. म्हणून चार पेपर निवडले. कॉलेज कॉम्पोझिशन सहा क्रेडिटं, नॅचरल सायन्सेस सहा, अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला भाग तीन, सोशिऑलॉजी तीन. झाली अठरा. खर्च सगळा मिळून पाचशे डॉलरच्या आत. अभ्यास पब्लिक लायब्ररीतल्या पुस्तकांवर आणि थोरल्याच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकावर, दुपारी धाकटा झोपला की. उरलेली बारा क्रेडिटं वरच्या पातळीच्या अकाउंटिंगची, ती मात्र पैसे भरून चार ऑनलाइन कोर्समध्ये घेतली, कारण वरच्या पातळीचे विषय क्लेपमध्ये जवळजवळ नाहीतच. चौदा महिन्यांत सरकारी कॉलेजची, व्यवस्थित अॅक्रेडिटेड बॅचलर्स हातात. आज त्या एका छोट्या फर्ममध्ये बुककीपिंग नव्हे, अकाउंटंटचं काम करतात.

आता ह्यात शॉर्टकट कुठला? त्या बीकॉमच्या तीन वर्षांचा अभ्यास त्यांनी केला होता, पुण्याच्या उन्हात बस धरून केला होता. चार पेपरांचा अभ्यास केला, चार कोर्स केले. वाचवलं काय? तर आधीच येत असलेल्या गोष्टीसाठी परत बसणं. त्या सल्लागार बाईंना हा मार्ग माहीत नव्हता असं मला अजिबात वाटत नाही. त्यांच्या कॉलेजच्या कॅटलॉगात क्लेपचं पान आहे, मी स्वतः शोधून काढलं. पण ते पान अशा जागी आहे की आमच्या प्रॉडक्टचं 'अनसबस्क्राइब' बटणसुद्धा त्यापेक्षा सहज सापडतं. :)

कॉलेजांचं हे वागणं मला समजतं. त्यांचा धंदा 'पर सीट' लायसन्सचा आहे. खुर्ची भरली तर पैसे. परीक्षा देऊन तीस क्रेडिटं घेऊन आलेला विद्यार्थी म्हणजे एका वर्षाचं बिल बुडालं. म्हणून मग 'आमच्याकडे एवढीच परीक्षेची क्रेडिटं चालतील', 'शेवटची ३० क्रेडिटं इथेच करा', असल्या अटी येतात. हार्वर्ड, प्रिन्स्टनसारखी बडी मंडळी क्लेप मानतच नाहीत. काही अटींना शैक्षणिक कारण असेलही. पण परीक्षा विश्वासार्ह नाही असं म्हणायचं असेल, तर मग स्वतःच्या वर्गात शेवटी जी फायनल घेता ती कसली? दोनशे पोरं हॉलमध्ये, मल्टिपल चॉइस, मशिनने तपासायचे. ती परीक्षा पवित्र आणि तशीच दुसरी अपवित्र? सॉफ्टवेअरमध्ये टेस्ट पास झाली की ते कोड किती तासांत लिहिलं ते कोणी विचारत नाही. (आमच्या क्लायंटचं बिल तासांवर निघतं हे खरं, पण त्या व्यवस्थेचं कौतुक करणारा प्रोग्रॅमर मी अजून पाहिलेला नाही.)

आता दुसरा मुद्दा, ट्यूशनचा प्लॅन. ह्याकडे तर कोणी बघतच नाही. मोबाइलचा प्लॅन घेताना आपण तीन दिवस तुलना करतो, आणि डिग्रीचा प्लॅन मात्र समोरची बाई सांगेल तो.

मोटामोटी दोन प्रकार असतात. एक म्हणजे थाळी, दुसरं म्हणजे प्लेट. प्लेट म्हणजे क्रेडिटप्रमाणे पैसे, जेवढं घ्याल तेवढं बिल. थाळी म्हणजे ठराविक मुदतीचे ठराविक पैसे, मग हवं तेवढं वाढून घ्या. थाळीचं ठळक उदाहरण वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी. १९९७ मध्ये एकोणीस राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून काढलेली, सगळं ऑनलाइन. आयटीच्या कोर्सला सहा महिन्यांचे चार हजार डॉलरच्या आसपास, आणि त्या सहा महिन्यांत जेवढे विषय पुरे कराल तेवढे तुमचे. विषय येतो हे सिद्ध केलं की पुढचा. दहा वर्षं डेटाबेस सांभाळलेल्या, पण डिग्री नसलेल्या माणसाला ही थाळी म्हणजे मेजवानी. पण लहान मुलं आणि नोकरी सांभाळून वर्षात दोन विषय करणाऱ्याने थाळी घेतली तर एक पोळी खाऊन पूर्ण पैसे देण्यातली गत. त्याने प्लेटच घ्यावी.

ट्रेंटनच्या थॉमस एडिसनचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. १९७२ मध्ये न्यू जर्सी सरकारने प्रौढांसाठीच काढलेलं हे कॉलेज, २०१५ पासून युनिव्हर्सिटी. न्यूयॉर्कचं एक्सेलसियर आणि कनेक्टिकटचं चार्टर ओक ही त्याचीच भावंडं, तीनही ७० च्या दशकाच्या सुरुवातीची. तिन्ही ठिकाणी बाहेरून आणलेली क्रेडिटं भरपूर चालतात, कारण कॉलेजं निघालीच त्यासाठी. २००० च्या दशकात एडिसनला दोन प्लॅन असत. एकात वर्षाचं सगळं एकरकमी, दुसऱ्यात नावनोंदणीची वार्षिक फी वेगळी आणि कोर्स-परीक्षांचे पैसे वेगळे. बाहेर परीक्षा देऊन क्रेडिटं आणणाऱ्याला दुसरा स्वस्त, तिथेच भराभर कोर्स घेणाऱ्याला पहिला. आता प्लॅन आणि दर बदललेत, पण विचार करायची पद्धत तीच. आधी स्वतःचा वेग मोजा, मग प्लॅन निवडा.

नेहमीच्या विद्यापीठातसुद्धा ही थाळी लपलेली असते. अनेक ठिकाणी फुलटाइम ट्यूशन १२ क्रेडिटांपासून पुढे एकच असते. बारा घ्या, पंधरा घ्या, बिल तेच. आता नुसता गुणाकार करा. सेमिस्टरला बारा, अशा आठ सेमिस्टर, झाले ९६. डिग्रीला हवेत १२०. म्हणजे 'झेपेल तेवढंच घे बाळा' म्हणणाऱ्या पालकांनी नकळत आणखी एका वर्षाचं बिल मान्य केलं. पंधरा घेतली असती तर त्याच पैशांत चार वर्षांत संपलं असतं. आणि पहिल्या वर्षी पंधरा झेपत नसतील तर बारा घेऊन उरलेले तीन क्लेपमधून काढता येतात, शंभर डॉलरात. हे गणित पाचवीच्या पोराला येईल, पण सेमिस्टर फी भरताना भल्याभल्या इंजिनियरांना सुचत नाही.

आता आपल्या इथल्या पालकांबद्दल. पोराने हायस्कूलात सात एपी केल्या, आठ केल्या, हे प्रत्येक पार्टीत ऐकायचं. ट्यूशन लावायची, परीक्षेची फी भरायची, पाचपैकी पाच गुण मिळाले की पेढे. चांगलंच आहे, मी काही नावं ठेवत नाही. पण ह्या एपीचा एक मुख्य उपयोग कॉलेजात क्रेडिट मिळवण्याचा आहे, तो मात्र वापरायचा नाही! कॉलेज निवडताना आमची आठ एपी क्रेडिटं कुठे आणि किती मानणार, हा प्रश्न विचारायचा नाही. उलट 'चार वर्षं एन्जॉय करू दे की' म्हणून पूर्ण बिल भरायचं. स्वतःच्या खिशातलं असेल तर प्रश्नच नाही. पण त्याच घरी मग पोराच्या नावावर कर्ज निघतं. अमेरिकेत विद्यार्थी कर्जाचा डोंगर दीड ट्रिलियन डॉलरच्या वर गेलाय. त्यातलं किती कर्ज आधीच येत असलेल्या गोष्टी परत ऐकण्यासाठी काढलं गेलं असेल? मला आकडा सांगता येणार नाही, पण शून्य नक्कीच नाही.

आणि न्यू जर्सीत तर साधा, सरकारी, सन्मानाचा मार्ग आहे. काउंटी कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट डिग्री करा. २००७ च्या कायद्याप्रमाणे ती क्रेडिटं राज्याच्या सरकारी विद्यापीठांना मानावी लागतात. हायस्कूलात वरच्या पंधरा टक्क्यांत असाल तर एनजे स्टार्स योजनेत काउंटी कॉलेजची ट्यूशनसुद्धा माफ होऊ शकते. पण "आमचा मुलगा कम्युनिटी कॉलेजला आहे" हे वाक्य मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणाच्या तोंडून निघेल तर शपथ! शेवटी भिंतीवर लागतं ते रटगर्सचंच सर्टिफिकेट, आणि त्यावर पहिली दोन वर्षं कुठे केली ते छापत नाहीत.

विरुद्ध बाजूच्या काही मुद्द्यांत मात्र दम आहे, ते मान्य करून टाकतो.

एक, सगळं परीक्षेने होत नाही. प्रयोगशाळा, शस्त्रक्रिया, पूल बांधणं, हे पेपर देऊन येत नाही आणि येऊही नये. अॅक्रेडिटेड इंजिनियरिंग डिग्री अशी गोळा करता येत नाही. परीक्षेची जागा मुख्यतः पहिल्या दोन वर्षांच्या सामान्य विषयांत आहे. पण तोच तर अर्धा खर्च आहे ना!

दोन, जे एफ-वन व्हिसावर विद्यार्थी म्हणून आलेत त्यांनी हे प्रकरण जपून वापरावं. त्यांना फुलटाइम नाव घातलेलं असणं हीच व्हिसाची अट आहे. क्लेप देऊन वर्गातली क्रेडिटं कमी केली तर स्टेटस धोक्यात. आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

तीन, भामटे. 'अनुभवावर घरबसल्या डिग्री, पंधरा दिवसांत' वाले. पाकिस्तानातल्या अॅक्झॅक्ट कंपनीचा असा कारखाना २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघडा पाडला. ही दुकानं परीक्षा घेतच नाहीत, फक्त कार्ड स्वाइप करतात. आणि लोक ह्या दुकानांना आणि क्लेपला एकाच पिशवीत घालतात, ह्याचा मला खरा राग आहे. एक परीक्षा टाळून डिग्री विकतो, दुसरा परीक्षा घेतल्याशिवाय क्रेडिट देत नाही. दोन्ही बरोबर उलट आहेत. कॉलेज खरं की खोटं ते अमेरिकन शिक्षण खात्याच्या अॅक्रेडिटेशनच्या यादीत पाच मिनिटांत कळतं.

चार, मित्र, कँपस, कट्टा. ह्याला उत्तर नाही. कट्ट्यावर मीही चार वर्षं काढली आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण कट्ट्याची किंमत वर्षाला अठरा हजार डॉलर असेल तर ती वेगळ्या ओळीत लिहा, 'शिक्षण' ह्या नावाखाली नको. मग ज्याला परवडेल तो घेईल, आणि दोन मुलांची आई घेणार नाही.

शेवटी त्या 'नुसत्या परीक्षेवरची डिग्री हलकी' ह्या समजाबद्दल. हे आपण मराठी लोकांनी म्हणावं हे तर फारच मजेशीर आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, आणि ते लंडन विद्यापीठ त्या वेळी शिकवत नव्हतं, परीक्षा घेत होतं. १८५८ पासून तर त्याने कुठल्याही कॉलेजात न गेलेल्या माणसालाही परीक्षेला बसू दिलं. आपलं मुंबई विद्यापीठसुद्धा पहिली कित्येक दशकं मुख्यतः परीक्षाच घ्यायचं, शिकवायची ती कॉलेजं. नंतर आपल्याकडे बहिःस्थ विद्यार्थ्यांची परंपरा आली. पोस्टातले कारकून, प्राथमिक शाळेतले गुरुजी, एसटीतले कंडक्टर दिवसा नोकरी करून रात्री अभ्यास करून बीए झाले. १९८९ पासून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने तो रस्ता आणखी रुंद केला. आपल्यापैकी कितीजणांच्या घरात असा एखादा काका, एखादी मावशी आहे? त्यांच्या डिग्रीला आपण हलकी म्हणतो का? उलट 'नोकरी करून शिकला' म्हणून मान देतो. मग तेच काम इथे एखादी वहिनी करते तेव्हा ते शॉर्टकट कसं काय होतं बुवा?

भारतात २०२१ पासून अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, 'स्वयम'वरच्या कोर्सची क्रेडिटं विद्यापीठांनी घ्यावीत असा यूजीसीचा नियम आहे. म्हणजे क्रेडिट एका ठिकाणचं दुसरीकडे चालावं ही कल्पना तिथेही पोचली आहे. आता बँकेत खातं उघडलंच आहे, तर 'मला हे येतं, घ्या परीक्षा' म्हणणाऱ्यालाही त्यात भरणा करू द्या, एवढीच मागणी.

असो. भांडण पुरे, कामाचं बोलतो. कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी तीन प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या, फोनवरचं काही खरं नाही. एक, तुम्ही कुठल्या कुठल्या परीक्षांचं क्रेडिट देता, किती गुणांना आणि कमाल किती? दोन, ती क्रेडिटं माझ्या डिग्रीच्या गरजेत बसतील, की नुसती 'इलेक्टिव्ह' म्हणून पडून राहतील? तीन, किमान किती क्रेडिटं तुमच्याचकडे करावी लागतील आणि त्याचे क्रेडिटप्रमाणे किती, ठोक किती? ही तीन उत्तरं दोन-तीन कॉलेजांकडून आली की एक्सेलमध्ये शेजारी शेजारी मांडा. आपल्याला दुसरं काही येवो न येवो, एक्सेल येतं!

आणि उत्तर द्यायला जे कॉलेज टाळाटाळ करील, त्याला तुमच्या डोक्यात काय आहे ह्यात रस नाही, तुम्ही कुठे बसणार एवढ्यातच आहे, असं खुशाल समजा.